गिटमध्ये एखाद्या फाइलला कोणते गुणधर्म लागू आहेत हे कसे तपासावे

एखादी शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या संगणकावर व्यवस्थित चालते, आणि तीच रिपॉझिटरी दुसऱ्या संगणकावर नव्याने क्लोन केली की ‘बॅड इंटरप्रिटर’ असा निरोप देऊन थांबते. त्या निरोपात इंटरप्रिटरच्या नावाला ‘^एम’ असे एक अनोळखी शेपूट चिकटलेले दिसते. स्क्रिप्टमधला एकही शब्द बदललेला नसतो. बदललेले असते ते प्रत्येक ओळीच्या शेवटी असणारे, डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. हे चिन्ह गिटने का बदलले, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या फाइलच्या गुणधर्मांत, म्हणजेच गिटच्या परिभाषेतील ॲट्रिब्यूटमध्ये असते. ते गुणधर्म शोधून कसे काढावेत, हे नव्याने गिट वापरणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

लेखातील सर्व कमांड, फाइलनावे आणि गुणधर्मांची नावे देवनागरीत लिहिलेली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लहान अक्षरांत, जोडरेघा आणि टिंबे जशीच्या तशी ठेवून टंकावीत. ‘ॲट्र’ म्हणजे ॲट्रिब्यूट या शब्दाची रोमन लिपीतील पहिली चार अक्षरे, आणि ‘ईओएल’ म्हणजे ‘एंड ऑफ लाइन’ची आद्याक्षरे. ‘एलएफ’ हे लिनक्स आणि मॅकवरचे ओळीच्या शेवटाचे चिन्ह, तर ‘सीआरएलएफ’ हे विंडोजवरचे; त्यातला जादा ‘सीआर’ म्हणजेच वरच्या निरोपातील ‘^एम’.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीत गुणधर्म खरोखरच प्रत्येक फाइलला जोडून साठवले जातात. तेथे ‘एसव्हीएन प्रॉपलिस्ट’ ही कमांड दिली की त्या फाइलवर नोंदवलेली यादी समोर येते. गिटमध्ये तसे नाही. गिटमध्ये फाइलवर काहीही चिकटवलेले नसते, ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलींत नियम लिहिलेले असतात आणि एखाद्या मार्गाला, म्हणजे फोल्डरसह लिहिलेल्या फाइलनावाला, कोणता नियम लागू होतो हे गिट गरज पडेल तेव्हा नव्याने ठरवते. हे नियम एकापेक्षा अधिक ठिकाणी असू शकतात आणि एकमेकांवर मात करू शकतात. त्यामुळे मुळातली ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ उघडून नुसती वाचली आणि निष्कर्ष काढला, तर तो अनेकदा चुकतो. निकाल गिटलाच विचारावा, आणि त्यासाठी ‘गिट चेक-ॲट्र’ ही कमांड आहे. गुणधर्मांची ही सोय गिटमध्ये 2007 पासून आहे, तरीही रोज गिट वापरणाऱ्या अनेकांनी ही कमांड एकदाही चालवलेली नसते.

पायरी पहिली: नियम वाचायला शिकणे

पुढील सर्व उदाहरणांसाठी रिपॉझिटरीच्या मुळाशी असलेल्या ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये या तीन ओळी आहेत असे धरू.

* टेक्स्ट=ऑटो
*.एसएच ईओएल=एलएफ
*.पीएनजी बायनरी

प्रत्येक ओळीत आधी पॅटर्न आणि त्यानंतर मोकळी जागा सोडून एक किंवा अनेक गुणधर्म असतात. पॅटर्नचे बहुतेक नियम ‘.गिटइग्नोर’सारखेच आहेत: तिरकी रेघ नसलेला पॅटर्न त्या फोल्डरखालील कोणत्याही पातळीवरच्या नावाला जुळतो, आणि सुरुवातीला किंवा मध्ये तिरकी रेघ असलेला पॅटर्न ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेथून मोजला जातो. दोन फरक मात्र लक्षात ठेवावेत. उद्गारचिन्हाने सुरू होणारे नकारार्थी पॅटर्न येथे चालत नाहीत. आणि फोल्डरच्या नावाला जुळणारा पॅटर्न त्या फोल्डरमधील फाइलींना आपोआप लागू होत नाही, त्यासाठी ‘डॉक्स/**’ असे स्पष्ट लिहावे लागते. टीप लिहायची असल्यास ती स्वतंत्र ओळीवर, ‘#’ने सुरुवात करून लिहावी, नियमाच्या शेवटी त्याच ओळीत टीप जोडता येत नाही.

गुणधर्म चारपैकी एका अवस्थेत असतो. नुसते नाव लिहिले तर तो ‘सेट’ असतो. नावाआधी उणे चिन्ह दिले तर ‘अनसेट’. बरोबरचे चिन्ह देऊन मूल्य लिहिले तर ते मूल्य हीच त्याची अवस्था. कोणत्याही नियमाने त्याचा उल्लेख केला नाही, किंवा नावाआधी उद्गारचिन्ह लावून आधीचा उल्लेख पुसून टाकला, तर ‘अनस्पेसिफाइड’. नवख्यांची सर्वाधिक गल्लत ‘अनसेट’ आणि ‘अनस्पेसिफाइड’ यांत होते. ‘टेक्स्ट’ अनसेट असेल तर गिट त्या फाइलच्या ओळींच्या शेवटांना हात लावत नाही. तोच गुणधर्म अनस्पेसिफाइड असेल तर निर्णय ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ या सेटिंगकडे जातो, आणि ते सेटिंग प्रत्येकाच्या संगणकावर वेगळे असू शकते. पहिल्यात स्पष्ट नकार आहे, दुसऱ्यात निर्णयच घेतलेला नाही.

पायरी दुसरी: पहिला प्रश्न विचारणे

टर्मिनलमध्ये रिपॉझिटरीच्या मुळाशी जाऊन ही कमांड द्यावी.

गिट चेक-ॲट्र ईओएल -- बिल्ड.एसएच

उत्तर एका ओळीत येते.

बिल्ड.एसएच: ईओएल: एलएफ

ओळीत तीन भाग आहेत: मार्ग, गुणधर्माचे नाव आणि त्याची अवस्था. एकाहून अधिक गुणधर्म विचारायचे असतील तर ते दोन जोडरेघांच्या आधी, आणि मार्ग त्यांच्यानंतर लिहावेत. या दोन जोडरेघा गाळण्याचा मोह टाळावा. त्या नसतील तर गिट पहिला शब्द गुणधर्म आणि उरलेले सर्व शब्द मार्ग समजते. म्हणून ‘गिट चेक-ॲट्र ईओएल टेक्स्ट बिल्ड.एसएच’ असे लिहिल्यास पुढील उत्तर मिळते.

टेक्स्ट: ईओएल: अनस्पेसिफाइड
बिल्ड.एसएच: ईओएल: एलएफ

येथे ‘टेक्स्ट’ नावाची फाइल आहे असे गिटने गृहीत धरले आणि तशी फाइल अस्तित्वात नसतानाही तक्रार केली नाही. हा दोष वाटला तरी त्यात सोयही आहे. गिट केवळ मार्ग नियमांशी जुळवून पाहत असल्यामुळे अजून तयारच न केलेल्या फाइलबद्दलही आधीच विचारता येते. उदाहरणार्थ ‘लोगो.पीएनजी’ आणि ज्याचा विस्तार मोठ्या अक्षरांत आहे असा दुसरा मार्ग, दोन्ही एकाच कमांडमध्ये देऊन पाहावेत. लिनक्सवर साधारणपणे दुसरा जुळत नाही, तर ‘कोअर.इग्नोरकेस’ चालू असलेल्या विंडोजवर किंवा मॅकवर तो जुळतो. एकाच रिपॉझिटरीतील एकाच चित्राला दोन संगणकांवर वेगळी वागणूक मिळण्याचे हे एक कारण असते.

नेमका कोणता गुणधर्म विचारायचा हेच ठाऊक नसेल तर ‘-ए’ किंवा ‘--ऑल’ हा पर्याय द्यावा.

गिट चेक-ॲट्र -ए -- लोगो.पीएनजी

आपल्या उदाहरणात याचे उत्तर चार ओळींचे येते: ‘बायनरी’ सेट, आणि ‘डिफ’, ‘मर्ज’, ‘टेक्स्ट’ हे तिन्ही अनसेट. नियमात मात्र एकच शब्द होता. ‘बायनरी’ हा गिटमध्ये आधीपासून असलेला मॅक्रो असून त्याचा अर्थच ‘-डिफ -मर्ज -टेक्स्ट’ असा आहे, आणि पहिल्या ओळीतील ‘टेक्स्ट=ऑटो’वर त्याने मात केली, कारण एकाच फाइलमध्ये नंतरची ओळ आधीच्या ओळीवर भारी पडते. ही मात संपूर्ण ओळीवर नसून एकेका गुणधर्मापुरती असते. म्हणूनच ‘बिल्ड.एसएच’ला दुसऱ्या ओळीतून ‘ईओएल=एलएफ’ मिळते आणि पहिल्या ओळीतील ‘टेक्स्ट=ऑटो’ही टिकून राहते. ‘--ऑल’च्या यादीत अनस्पेसिफाइड गुणधर्म येत नाहीत, एखादा गुणधर्म तेथे दिसला नाही तर तो कोणत्याही नियमाने ठरवलेला नाही, असा त्याचा अर्थ घ्यावा.

पायरी तिसरी: उत्तराकडे संशयाने पाहणे

‘चेक-ॲट्र’ नियमांत जे लिहिले आहे ते दाखवते. ते अर्थपूर्ण आहे की नाही, हे तपासणे तिचे काम नाही. एका प्रकल्पात मी ‘*.सीएसव्ही टेक्स्ट=फॉल्स’ अशी ओळ लिहिली होती आणि त्या फाइलींच्या ओळींचे शेवट आता बदलणार नाहीत या खात्रीने कित्येक दिवस दुसरीकडेच दोष शोधत बसलो. शेवटी कमांड चालवली तेव्हा उत्तर आले ‘टेक्स्ट: फॉल्स’. ते पाहून मला आधी हायसेच वाटले, आणि तीच चूक होती. ‘टेक्स्ट’ या गुणधर्मासाठी गिट सेट, अनसेट आणि ‘ऑटो’ एवढेच ओळखते. दुसरे कोणतेही मूल्य दिले तर तो गुणधर्म ठरवलेलाच नाही असे मानून पुढे जाते. हवे होते ‘-टेक्स्ट’, आणि उत्तरात दिसायला हवे होते ‘अनसेट’. नावातील चुकाही अशाच गुपचूप खपून जातात, कारण गुणधर्माला कोणतेही नाव देण्याची मुभा आहे आणि अनोळखी नाव गिट निमूटपणे नोंदवून ठेवते.

‘फिल्टर’, ‘डिफ’ आणि ‘मर्ज’ या गुणधर्मांना दिलेले मूल्य म्हणजे केवळ एक नाव असते. मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस वापरणाऱ्या रिपॉझिटरीत ‘फिल्टर: एलएफएस’ असे उत्तर येते, पण त्या नावाची व्याख्या गिटच्या कॉन्फिगमध्ये असते आणि ती क्लोनसोबत येत नाही. ज्या संगणकावर गिट एलएफएस बसवलेले नाही तेथेही ‘चेक-ॲट्र’ हेच उत्तर देते, मात्र मोठ्या फाइलच्या जागी काही ओळींचा निर्देशक मजकूर उरतो. अशा वेळी ‘गिट कॉन्फिग --गेट-रेगएक्स्प फिल्टर’ ही कमांड देऊन त्या नावामागे काही आहे का, ते पाहावे.

पायरी चौथी: नियम कोठून आला हे शोधणे

या कमांडची एक मोठी उणीव येथे जाणवते. ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ ही तिची भावंड-कमांड कोणत्या फाइलमधील कितव्या ओळीमुळे निर्णय झाला हे सांगते. ‘चेक-ॲट्र’ ते सांगत नाही. त्यामुळे नियमांच्या जागा आणि त्यांचा अधिकारक्रम माहीत असणे भाग पडते. सर्वांत वरचा अधिकार ‘.गिट’ फोल्डरमधील ‘इन्फो/ॲट्रिब्यूट्स’ या फाइलचा असतो; ती फक्त त्या क्लोनपुरती असते आणि कधीही कमिट होत नाही. त्यानंतर तपासायची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तेथील ‘.गिटॲट्रिब्यूट्स’, मग त्यावरच्या फोल्डरमधील, असे करत रिपॉझिटरीच्या मुळापर्यंत. त्यानंतर वापरकर्त्याची स्वतःची, ‘कोअर.ॲट्रिब्यूट्सफाइल’ने ठरवलेली फाइल, आणि सर्वांत शेवटी संपूर्ण संगणकासाठीची.

या क्रमात जवळच्या फाइलला मान आहे, नेमक्या पॅटर्नला नाही, आणि नवखे नेमके येथेच फसतात. समजा, आपल्या रिपॉझिटरीत ‘टूल्स’ नावाचा फोल्डर आहे आणि विंडोजच्या बॅच फाइलींसाठी कोणीतरी त्यात स्वतंत्र ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ ठेवून एकच ओळ लिहिली आहे.

* ईओएल=सीआरएलएफ

आता ‘गिट चेक-ॲट्र -ए -- टूल्स/डिप्लॉय.एसएच’ असे विचारले तर उत्तर येते:

टूल्स/डिप्लॉय.एसएच: टेक्स्ट: ऑटो
टूल्स/डिप्लॉय.एसएच: ईओएल: सीआरएलएफ

मुळातील ‘*.एसएच’ हा पॅटर्न कितीतरी नेमका आहे, तरीही फाइलच्या अधिक जवळ असलेल्या ‘*’ने त्याच्यावर मात केली. लेखाच्या आरंभी सांगितलेली बंद पडणारी स्क्रिप्ट ती हीच. उपाय सोपा आहे: ‘टूल्स’मधील ती ओळ ‘*.बॅट ईओएल=सीआरएलएफ’ अशी बदलावी, आणि कमांड पुन्हा चालवून उत्तर ‘एलएफ’ झाल्याची खात्री करावी.

दोषी फाइल इतकी समोर नसेल तेव्हा एकेक थर बाजूला काढत जावे. ‘गिट रेव्ह-पार्स --गिट-पाथ इन्फो/ॲट्रिब्यूट्स’ ही कमांड सर्वोच्च अधिकाराच्या फाइलचा मार्ग दाखवते. तो उघडून ती फाइल खरोखर आहे का ते पाहावे. कमांडमध्ये ‘गिट’नंतर ‘-सी कोअर.ॲट्रिब्यूट्सफाइल=’ लिहून त्यापुढे रिकाम्या फाइलचा मार्ग दिला तर वापरकर्त्याच्या फाइलचा थर त्या वेळेपुरता निघून जातो; उत्तर बदलले तर नियम तेथलाच होता. शेवटी ‘गिट एलएस-फाइल्स’च्या यादीतून रिपॉझिटरीत आणखी किती ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ आहेत हे पाहावे. जुन्या प्रकल्पांत त्या अनपेक्षित फोल्डरांत सापडतात.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष फाइलशी ताडून पाहणे

नियम दुरुस्त केल्यावर ‘चेक-ॲट्र’चे उत्तर लगेच बदलते, पण डिस्कवरची फाइल बदलत नाही. गुणधर्मांचा परिणाम फाइल चेकआउट होताना किंवा इंडेक्समध्ये, म्हणजे ‘गिट ॲड’ने पुढील कमिटसाठी जेथे नोंद होते तेथे, जाताना होतो. नियमाची ओळ लिहिल्याने आधीच चेकआउट झालेली फाइल पुन्हा लिहिली जात नाही. ही तफावत पाहण्यासाठी दुसरी एक कमांड आहे.

गिट एलएस-फाइल्स --ईओएल टूल्स/डिप्लॉय.एसएच

तिच्या उत्तरात ‘आय/एलएफ’, ‘डब्ल्यू/सीआरएलएफ’ आणि ‘ॲट्र/टेक्स्ट=ऑटो ईओएल=एलएफ’ असे रकाने येतात. पहिला इंडेक्समधील स्थिती सांगतो, दुसरा डिस्कवरील फाइलची आणि तिसरा लागू असलेल्या गुणधर्मांची. वरील उत्तराचा अर्थ असा की नियम आणि इंडेक्स योग्य आहेत, केवळ डिस्कवरची प्रत जुनी आहे. अशा वेळी, त्या फाइलमध्ये कमिट न केलेले बदल नाहीत याची खात्री करून, ती पुसावी आणि ‘गिट रिस्टोअर’ने परत आणावी, न पुसता रिस्टोअर केल्यास गिटला तीत बदल दिसत नाही आणि ते तिला हात लावत नाही. याउलट पहिल्याच रकान्यात ‘आय/सीआरएलएफ’ दिसले तर दोष इंडेक्समध्ये आहे, आणि त्यासाठी ‘गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .’ चालवून कमिट करावी लागते. ही सोय 2018 मधील 2.16 आवृत्तीपासून आहे.

याच संदर्भात, मुळात ‘टेक्स्ट’बद्दल काहीही न लिहिता फक्त ‘ईओएल=एलएफ’ लिहिले असेल, तर ‘चेक-ॲट्र’ टेक्स्टला अनस्पेसिफाइड म्हणते, तरी गिट प्रत्यक्षात ती फाइल मजकुराची समजूनच वागवते. ‘एलएस-फाइल्स --ईओएल’ मात्र तेथे ‘ॲट्र/टेक्स्ट ईओएल=एलएफ’ असे दाखवते. दोन कमांडींत येथे विसंगती नाही. पहिली नियम जसाच्या तसा सांगते, दुसरी गिटने त्यातून काढलेला अर्थ.

पायरी सहावी: इंडेक्समधील आणि जुन्या कमिटमधील गुणधर्म

साधी ‘चेक-ॲट्र’ डिस्कवरील ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ वाचते, म्हणजे अजून कमिट न केलेले बदलही तिच्या उत्तरात येतात. सहकाऱ्याला काय मिळणार आहे हे पाहायचे असेल तर ‘--कॅश्ड’ हा पर्याय द्यावा. मग इंडेक्समध्ये असलेलीच ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ विचारात घेतली जाते. साधे उत्तर आणि ‘--कॅश्ड’चे उत्तर वेगळे आले तर बहुधा ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ला ‘गिट ॲड’ करायचे राहिले आहे. एखाद्या जुन्या टॅगच्या वेळी फाइलला कोणते गुणधर्म होते, हा प्रश्न 2023 मधील 2.40 आवृत्तीपासून ‘--सोर्स’ पर्यायाने सोडवता येतो. त्याच्यापुढे टॅगचे, शाखेचे किंवा कमिटचे नाव द्यावे. त्याआधीच्या आवृत्तींत ते कमिट चेकआउट करूनच पाहावे लागे.

पायरी सातवी: सर्व फाइलींची तपासणी एकदम

एकेक फाइल विचारत बसण्याऐवजी संपूर्ण यादी पाइपमधून देता येते.

गिट एलएस-फाइल्स | गिट चेक-ॲट्र --स्टडइन ईओएल

‘--स्टडइन’ असताना कमांडमधील सर्व नावे गुणधर्मांची मानली जातात, त्यामुळे येथे दोन जोडरेघांची गरज नाही. रोमनेतर लिपीतील फाइलनावे या उत्तरात सहसा आकड्यांच्या संकेतांत येतात. ती मूळ रूपात हवी असल्यास दोन्ही कमांडींना ‘-झेड’ द्यावे, मात्र मग उत्तराचे भाग ओळींऐवजी शून्य-बाइटने वेगळे होतात आणि ते माणसापेक्षा प्रोग्रॅमने वाचणे अधिक योग्य ठरते. स्वयंचलित तपासणीत ही कमांड वापरणाऱ्यांनी तिच्या एक्झिट कोडवर (कमांड संपताना यश-अपयश सांगणाऱ्या आकड्यावर) विसंबू नये: गुणधर्म मिळाला काय किंवा न मिळाला काय, कमांड यशस्वीच मानली जाते. त्यामुळे उत्तराचा मजकूरच तपासावा लागतो.

प्रश्न उलटा असेल, म्हणजे अमुक गुणधर्म असलेल्या फाइली कोणत्या, तर ‘गिट एलएस-फाइल्स’ला ‘:(ॲट्र:ईओएल=सीआरएलएफ)’ हा पॅटर्न अवतरणचिन्हांत द्यावा. मोठ्या रिपॉझिटरीत हा मार्ग मला पाइपपेक्षा अधिक सोयीचा वाटतो, कारण उत्तरात फक्त कामाच्याच फाइली येतात.

एक अपवाद: फोल्डरवरचा एक्स्पोर्ट-इग्नोर

‘गिट अर्काइव्ह’ने तयार होणाऱ्या संग्रहातून चाचण्यांचा फोल्डर वगळण्यासाठी पुष्कळ प्रकल्पांत ‘/टेस्ट्स एक्स्पोर्ट-इग्नोर’ अशी ओळ असते. त्यातील एखाद्या फाइलबद्दल विचारले तर ‘चेक-ॲट्र’ ‘अनस्पेसिफाइड’ म्हणते, आणि नियम निकामी आहे असे वाटून लोक तो बदलायला जातात. पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे फोल्डरचा नियम आतील फाइलींना लागू होत नाही, म्हणून हे उत्तर बरोबरच आहे. पण ‘गिट अर्काइव्ह’ फोल्डरचेही गुणधर्म पाहते आणि फोल्डरच वगळला गेल्यावर त्यातील फाइलींपर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून येथे ‘टेस्ट्स’ या फोल्डरचाच मार्ग देऊन विचारावे, म्हणजे ‘सेट’ असे उत्तर मिळेल. शिवाय ‘गिट अर्काइव्ह’ ज्या कमिटचा संग्रह करते त्यातील ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ वाचते, डिस्कवरची नव्हे. नियम आत्ताच लिहिला असेल तर संग्रह करण्यापूर्वी तो कमिट करावा, किंवा ‘--वर्कट्री-ॲट्रिब्यूट्स’ हा पर्याय द्यावा.